बोलतात नीट, पण संवाद जुळत नाही: डोक्याच्या मारानंतर घरी आलेल्या माणसाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यात दांडिया बाजारकडे राहणाऱ्या एका ताईंचे मिस्टर, वय 44, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. वासी उतरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, समोर आलेला पतंगाचा दोरा चुकवताना स्कूटरवरून पडले. हेल्मेट डिकीत होतं. दहा-बारा दिवस आयसीयू, मग वॉर्ड, मग घर. आता पाच महिने झालेत. चालतात, जेवतात, स्पष्ट बोलतात. डिस्चार्ज कार्डावर 'स्पीच ओके' लिहिलंय आणि परवाचा सीटी स्कॅन नॉर्मल आला. पण घरातले हैराण आहेत. एकच गोष्ट चार वेळा सांगतात, विचारलं एक की उत्तर भलतंच, सांगितल्याशिवाय जागचे हलत नाहीत, संध्याकाळी कुणी पाहुणे आले की भडकतात. स्वतः म्हणतात, मला काही झालेलं नाही. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: बोलता येत असताना स्पीच थेरपीचा उपयोग काय? सासूबाई म्हणतात तसं ते मुद्दाम करताहेत का? आणि कामावर कधी जातील?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची दोन त्यातूनच सुटतात. उपयोग आहे. मात्र तुम्ही समजताय तसली थेरपी ही नाही. डाव्या मेंदूला पक्षाघात होतो तेव्हा बऱ्याचदा भाषाच हातची जाते. समोरचा पेला दिसतो पण 'पेला' हा शब्द सापडत नाही. डोक्याला मार लागल्यावरही काही जणांचं तसं होतं, काहींची जीभ जड होते. पण बहुतेकांचे शब्द, व्याकरण, उच्चार शाबूत राहतात. बिघडतं ते या सगळ्याच्या मागे चालणारं काम: लक्ष टिकवणं, नवीन गोष्ट ध्यानात ठेवणं, काय आधी आणि काय नंतर ते ठरवणं, तोंडावर आलेलं वाक्य वेळेवर आवरणं. तुमच्या मिस्टरांच्याच धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर वहीत नोंदी सगळ्या आहेत, पण मेळ घालणारा माणूस रजेवर गेलाय. आम्ही स्पीच थेरपिस्ट याला कॉग्निटिव्ह कम्युनिकेशन डिसऑर्डर म्हणतो. वॉर्डात राउंडला आलेले डॉक्टर नाव, गाव, वार विचारतात, पेशंट बरोबर सांगतो, 'स्पीच ओके' लिहिलं जातं. ती नोंद खोटी नाही, फक्त फार छोट्या प्रश्नाचं उत्तर आहे.

असं का होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे घरात समजावताना सोपं जाईल. मार डोक्याला कुठेही लागो, कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदू बहुतेकदा दुखावतो. त्या जागी कवटीचा आतला तळ खडबडीत आहे, हाडाचे कंगोरे आहेत. डोकं वेगात असताना एकदम थांबलं की मेंदू पुढे सरकतो आणि त्या कंगोऱ्यांवर घासतो. शिवाय डोकं गर्रकन वळलं असेल तर मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे तंतू सीटीत दिसत नाहीत. एमआरआयच्या काही खास पद्धतींत त्यांच्या आजूबाजूचे सूक्ष्म रक्तस्राव कधीकधी दिसतात, कधी तेही नाही. म्हणून पाचव्या महिन्यातला 'नॉर्मल सीटी' सांगतो तो एवढंच की आत रक्त साचलेलं नाही, सूज नाही, ऑपरेशनची गरज नाही. मेंदू काम कसं करतोय, हे त्याला विचारूच नका.

डिस्चार्ज कार्डावर जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल) नावाचा, पेशंट किती शुद्धीवर आहे ते सांगणारा एक आकडा असतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 साली ही मोजणी सुचवली: डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल मिळून 3 ते 15 गुण. 13 ते 15 सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा खाली गंभीर. तुमच्या कार्डावर दाखल करतानाचा जीसीएस 7 आहे. तो महत्त्वाचा आहेच, पण मला त्याहून उपयोगी वाटते ती दुसरी माहिती, जी तुम्ही बोलता बोलता लिहून गेलात: अपघातानंतरचं त्यांना पहिलं सलग आठवतं ते महाशिवरात्रीच्या सुमाराचं. म्हणजे मधला जवळजवळ महिना कोरा आहे. त्यातले बरेच दिवस ते जागे होते, बोलत होते, तुमच्या हातून पेज खात होते, पण नोंद होत नव्हती. हा कोरा काळ एका आठवड्यापेक्षा लांबला की इजा गंभीर धरतात. घाबरवायला सांगत नाही. तुमचं घड्याळ चुकतंय म्हणून सांगते. पाच महिने फार झाले असं घरात सगळ्यांना वाटतंय, आणि मी हिशेब धरते तो दोन वर्षांचा. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होत नाही.

आता त्यांच्या बोलण्याकडे या. अशा पेशंटना मी त्यांच्या रोजच्या कामातलं काहीतरी समजावून सांगायला लावते. 'पगाराचं शीट कसं करायचात?' असं विचारलं की उत्तर साधारण या वळणाचं येतं: 'हजेरी आली की ती आधी बघायची. हजेरी आमच्याकडे पटेल आणायचा, त्याचा मुलगा कॅनडाला गेला, तिकडे काय थंडी असते, आपल्याकडे पण यंदा होती, उतरायणला तर वारा असा सुटला होता की... काय विचारलंत?' एकही वाक्य चुकलेलं नाही. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला धरून आहे, फक्त प्रश्नाला धरून एकही नाही. हजेरी म्हटल्यावर पटेलचा मुलगा तुम्हा-आम्हालाही आठवतो, पण कपाळामागचा मेंदू 'आत्ता नको' म्हणतो आणि आपण पगारावर परत येतो. इथे तो 'आत्ता नको' म्हणणाराच अशक्त झालाय. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळाही त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे थांबायची खूण मिळत नाही. टोमणे तर पूर्ण वाया जातात. 'वा, आज फार लवकर उठलात!' असं तुम्ही दहा वाजता म्हणालात तर ते खूश होतील, किंवा उलट तुमच्या आवाजाची धारच तेवढी पोचेल आणि कारण न कळता चिडतील. सध्या घरात सरळ बोला.

सासूबाईंचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण बाहेरून खरंच तसं दिसतं. त्या म्हणतात, शाळेतल्या मास्तरांची नावं आठवतात, मग सकाळी काय खाल्लं ते कसं आठवत नाही? जुन्या आठवणी कधीच पक्क्या होऊन बसल्यात, त्यांना फारसा धक्का लागत नाही. नवीन गोष्ट आत नेऊन ठेवण्याची यंत्रणा कानशिलामागे आहे, ती दुखावलीय. तुम्ही 'आत्ताच सांगितलं ना!' म्हणता तेव्हा तुमच्या दृष्टीने ते चौथ्यांदा विचारत असतात, त्यांच्या दृष्टीने पहिल्यांदा.

आळसाचं म्हणाल तर तुमच्याच पत्रात त्याचा निकाल आहे. 'आंघोळ करा' म्हटलं की 'हो' म्हणून बसून राहतात, पण बादली भरून टॉवेल हातात दिला की उठून मुकाट्याने आंघोळ करतात. आळशी माणूस टाळतो, सबबी सांगतो, कुरकुरतो. हे 'हो' म्हणतात आणि त्यांच्या मनात ते 'हो' खरं असतं. इच्छा आणि कृती यांच्यामधली किल्लीच फिरत नाही. ती बाहेरून फिरवावी लागते: टॉवेल, बादली, खांद्यावर हात. हे सासूबाईंना तोंडी पटणार नाही. एक दिवस त्यांनाच टॉवेल हातात द्यायला सांगा.

'मला काही झालेलं नाही' हे दुखणं झाकायचा प्रयत्न असेल असं घरच्यांना वाटतं. थोडा तोही भाग असेल, पण मुख्य कारण असं की स्वतःची पारख करणारा मेंदूचा भाग दुखावलेल्या जागेतच आहे. वाद घालून हे पटत नाही, उलट भांडणं होतात. त्याऐवजी आधी अंदाज बांधायला लावा. खंडेराव मार्केटात पाच वस्तू आणायच्या आहेत. न लिहिता किती आठवतील असं वाटतं, हे त्यांनीच कागदावर लिहायचं. सोबत कुणीतरी जावं, मध्ये बोलू नये. परत आल्यावर कागद आणि पिशवी शेजारी ठेवा आणि गप्प बसा. 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य आलं की सगळी मेहनत पाण्यात.

एक गोष्ट सगळ्याच्या आधी करून घ्या: कानांची तपासणी. कानामागच्या हाडाला फ्रॅक्चर झालं असेल तर त्या बाजूचं ऐकू कमी येतं, आणि माणूस लक्ष देत नाही असा गैरसमज होतो. तुम्ही लिहिलंय की डावीकडून हाक मारली तर ओ देत नाहीत. ऑडिओग्राम व्हायच्या आत मी लक्षाविषयी काही ठरवणार नाही.

आता घर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर बसून जे होईल त्यापेक्षा रोज घरात जे होतं त्याचं वजन जास्त. सिडनीच्या लिअॅन टॉगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर इजा झालेल्या लोकांवर केलेल्या कामात हेच दिसलं: एकट्या पेशंटला शिकवण्यापेक्षा त्याच्या रोजच्या बोलण्यातल्या माणसालाही सोबत शिकवलं तर संवाद जास्त सुधारतो.

सुरुवात बघायला येणाऱ्यांपासून. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला येणं हे कर्तव्य, आणि आल्याआल्या पहिला प्रश्न ठरलेला: 'ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण!' मग दुसऱ्या मावशी, 'आणि मी?' पाचव्या मिनिटाला माणूस घामाघूम होतो, चुकतो, सगळे हळहळतात, आणि रात्री तो ताटावरून भडकतो. हे बंद करा. दारातच सांगून ठेवा की आत गेल्यावर आपलं नाव आणि नातं आपणच सांगायचं: 'मी सुधामावशी, निजामपुऱ्याहून आलेय.' एका वेळी दोन माणसं, अर्धा तास, टीव्ही बंद. संध्याकाळी पाहुणे नकोत. पाच महिन्यांच्या मेंदूला दुपारपर्यंत जेवढी ताकद असते तेवढी संध्याकाळी उरत नाही, आणि तुम्ही लिहिलेले रागाचे प्रसंग बघा, एकूण एक सहानंतरचे आहेत. दुपारी जेवणानंतर अंधाऱ्या खोलीत तासभर पडणं हा औषधाचाच भाग समजा.

चिडचिडीबद्दल आणखी एक. फिट येऊ नये म्हणून त्यांना लेव्हेटिरासिटॅम चालू आहे असं कार्डावर दिसतं. चांगलं औषध आहे, पण काही लोकांची चिडचिड त्याने वाढते. ही गोळी सुरू झाल्यापासून राग वाढला असं वाटत असेल तर न्यूरोसर्जनना स्पष्ट विचारा. स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवली तर फिट येऊ शकते.

बोलताना एका वेळी एकच गोष्ट. 'आंघोळ करा, मग गोळी घ्या आणि येताना दूध आणा' या वाक्यातलं दूध तेवढं पोचेल. प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपल्या घरांत इतकं थांबायची सवय कुणालाच नसते, मलाही घरी नसते, पण करून बघा. भरकटले की 'विषय सोडू नका' म्हणण्याऐवजी धागा हातात द्या: 'पटेलचं नंतर ऐकते, पगाराचं शीट सांगत होतात.' तुम्ही दोघं मिळून हाताची एक खूण ठरवा, चारचौघांत तोंडी टोकण्यापेक्षा ती बरी. आणि त्यांना खरे प्रश्न विचारा. 'आज वार कोणता?' हा खरा प्रश्न नाही, तो परीक्षेचा आहे, उत्तर तुम्हाला माहीत असतं. 'गणपतीत मखर यंदा कागदाचं करायचं की फुलांचं?' हा खरा प्रश्न. त्यावर ते चुकू शकत नाहीत.

मग वही. मोबाईल चालेल का, असं सगळे विचारतात. गजर लावायला मोबाईल उत्तम, पण त्यात नुसती घंटी नको, काय करायचं ते स्क्रीनवर आलं पाहिजे: 'पांढरी गोळी घ्या, वहीत टिक करा.' बाकी कामाला मला अजून पुठ्ठ्याची जाड वहीच आवडते, कारण ती समोर पडलेली दिसते. एका दिवसाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर आज काय करायचं, वेळेसकट. उजव्या पानावर काय झालं: कोण आलं, काय बोललं, काय खाल्लं. पेन दोरीने वहीलाच बांधा. वही एकाच जागी ठेवा, आणि अक्षर त्यांचंच हवं. तुम्ही लिहून दिलेली वही ते तुमची समजतील. ते विचारतील, 'सुधामावशी कधी येणार?' उत्तर देऊ नका. 'वहीत बघू या' म्हणून शेजारी बसा आणि पान त्यांना उलटू द्या. पहिले काही आठवडे वही तुम्हीच चालवताय असं वाटेल. हरकत नाही. नवीन घटना लक्षात ठेवणं आणि हाताला सवय लागणं या मेंदूच्या वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि दुसरी वाट बरीचशी शाबूत असते. एक दिवस ते न सांगता वही उघडतील.

'आठवून बघा, जोर लावा' हे मात्र वाक्य काढून टाका. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच पक्कं बसतं, कारण चूक ओळखून पुसणाराही तोच दुखावलेला भाग. नवीन शिकवायचं तर बरोबर उत्तर आधी द्या. समजा, मुलाच्या नव्या क्लासची वेळ. 'चिनूचा क्लास साडेपाचला.' लगेच विचारा, मग मिनिटभराने, मग तीन मिनिटांनी, मग दहा. अडखळले तर लगेच उत्तर सांगा आणि मागच्या अंतरावर या. कंटाळवाणं आहे. पण चालतं, आणि यासाठी ना मशीन लागतं ना मी.

मोबाईलवरच्या मेंदू तल्लख करणाऱ्या खेळांबद्दल दीर विचारत होते. खेळू देत, वेळ जातो. त्या खेळात ते पटाईत होतील, पण त्याने गोळीची वेळ लक्षात राहायला लागेल याचा भरवसा मी देणार नाही. बदाम खावेत, आवडत असतील तर. झोपेची गोळी, आधीची घरात पडलेली असली तरी, न विचारता देऊ नका. बऱ्याच झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या अशा मेंदूला आणखी मंद करतात. दारूचा थेंबही नको. गुजरातेत दारूबंदी आहे हे मला माहीत आहे, आणि ती किती आहे हे तुम्हालाही माहीत आहे; मित्रमंडळींना तुम्हीच सांगून ठेवा.

आपल्या वडोदऱ्याची एक खास गोष्ट: घरात मराठी, कारखान्यात गुजराती, बातम्या हिंदीत, मेल इंग्रजीत. धडधाकट माणूस दार ओलांडताना भाषा बदलतो आणि त्याला कळतही नाही. हा बदल करणाराही तोच 'आत्ता नको' म्हणणारा भाग आहे. म्हणून तुमचे मिस्टर मध्येच आईशी गुजरातीत बोलतात, त्यात वेडसर काही नाही. तपासणी करणाऱ्याला हे आवर्जून सांगा. ज्यांनी वीस वर्षं बेरजा गुजरातीत पुटपुटल्यात, त्यांना मराठीत 'सदतीस आणि अठ्ठेचाळीस किती' विचारून गणित गेलं असा शेरा मारणं अन्याय आहे. गप्पांची तपासणी मराठीत, हिशेबाची गुजरातीत, असं मी करते. घरी मात्र एका वाक्यात दोन भाषा मिसळून प्रश्न विचारू नका. एरवी आपण सगळेच मिसळतो, सध्या जरा सांभाळून.

धोक्याच्या जागा थोडक्यात. त्यांना वास येतो का ते तपासा. कपाळामागच्या माराने वासाचे तंतू अनेकदा तुटतात. हिंग आणि कॉफीचा डबा नाकाशी धरा, डोळे मिटून ओळखू देत. येत नसेल तर गॅसजवळ त्यांना एकटं ठेवू नका आणि उरलेलं अन्न वास घेऊन ठरवायला सांगू नका. पैसे: फोनवर कुणीही गोड बोललं की हे ओटीपी सांगतील, कारण संशय घेणं हेही मेंदूचं काम आहे. यूपीआय आणि मोठं खातं सध्या तुमच्याकडे, त्यांच्याजवळ थोडे रोख. हे अपमान न करता करायचं असेल तर बँकेच्या माणसाला किंवा डॉक्टरांना सांगायला लावा, बायकोने सांगितलेलं जास्त झोंबतं. स्कूटरची किल्ली न्यूरोसर्जन लेखी हो म्हणेपर्यंत मिळणार नाही. फिटचा प्रश्न आहे, आणि नजर व लक्ष यांचाही. डोकेदुखी वाढत गेली, झोपाळूपणा वाढला, उलट्या, एका बाजूला अशक्तपणा, चालताना झोक जाणं किंवा फिट, यांतलं काहीही दिसलं तर थेरपिस्टला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचून काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकतं, आणि पुन्हा छोटंसं पडणं त्याला पुरेसं होतं. थकवा फारच असेल तर सोडियम, थायरॉईड आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोनची तपासणी करायची का, हेही पुढच्या भेटीत विचारा.

नोकरी. तारीख मी सांगणार नाही, पण ती कशी ठरवायची ते सांगते. मागच्या वर्षीच्या एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि कॅशबुक घ्या, ज्याचा मेळ तेव्हा लागलेला आहे, म्हणजे बरोबर उत्तर तुमच्याकडे आहे. सकाळी दहाला, पंखा सोडून कसलाही आवाज नसलेल्या खोलीत, ते त्यांना जुळवू द्या. दर पंधरा मिनिटांनी पेन्सिलने एक रेघ मारा. नंतर बघा, कोणत्या रेघेनंतर चुका वाढल्या. समजा, पहिल्या तीन रेघांपर्यंत काम स्वच्छ आणि पुढे आकडे उलटेपालटे. तर त्यांची आजची ताकद पाऊण तासाची आहे. दर आठवड्याला नवीन महिना द्या. मग रेडिओ लावून बघा, मग मध्येच हाक मारून. दीड-दोन तास सलग जमायला लागले आणि आपली चूक आपण पकडायला लागले, की मी कारखान्याशी बोलेन. मालकांना मी जे सांगते ते असं: आठवड्यात तीन दिवस, दिवसाआड, अर्धा दिवस, सकाळचा. भिंतीकडे तोंड असलेलं टेबल, फोन उचलायचा नाही, एका वेळी एक फाईल. तोंडी काम सांगायचं नाही, चिठ्ठीवर. आणि प्रत्येक एंट्री दुसऱ्याने बघायची, जीएसटीचं रिटर्न एकट्याने भरायचं नाही. मालक तयार होतात का? काही होतात. घाईने परत जाऊन मोठी चूक झाली की मात्र ते दार सहसा पुन्हा उघडत नाही, म्हणून मी उशिराच्या बाजूने असते. काही पेशंट जुन्या खुर्चीत परत जातात, काही त्याच ऑफिसात हलक्या कामावर, काहींना जमत नाही. तुमचे मिस्टर यांपैकी कोणत्या गटात, हे मला आज पत्रावरून कळणार नाही. वर्षभरात बरंच कळेल.

कुणाकडे जायचं? वाचा-भाषा तज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोच नको. आणि सरळ विचारा, डोक्याच्या माराचे पेशंट बघता का? अनेक चांगले थेरपिस्ट मुलांबरोबरच काम करतात आणि तसं प्रामाणिकपणे सांगतात. स्मृती आणि लक्षाची सविस्तर मोजणी न्यूरोसायकॉलॉजिस्ट करतात. ती आता एकदा आणि वर्षभराने एकदा करा, म्हणजे फरक कागदावर दिसेल. लांब जायची तयारी असेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत हे काम अनेक वर्षं चालतं.

मुलाला, बारा वर्षांचा आहे म्हणालात, खरं ते सांगा. बाबांचा राग तुझ्यावर नाही, डोक्याला लागल्यामुळे तो लवकर येतो, आणि आला की तू खोलीबाहेर जायचंस, उत्तर द्यायचं नाही. मुलं हे मोठ्यांपेक्षा पटकन शिकतात. तुमच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ दिरांनी घ्यायची, विचारून नाही, ठरवून. त्या वेळात तुम्ही कमाटीबागेत फिरा नाहीतर माहेरी जाऊन झोपा. पण औषधं आणायला जाऊ नका.

माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडेही पहिल्यांदा जाल तेव्हा एवढं सोबत न्या. डिस्चार्ज कार्ड, सगळे स्कॅन, चालू गोळ्यांची पाकिटं. कानाचा रिपोर्ट. घरातल्या साध्या गप्पांचा पाच मिनिटांचा व्हिडिओ, त्यांना सांगून काढलेला. माझ्यासमोर पेशंट अर्धा तास अगदी नीट बोलतात, घरचं बोलणं वेगळंच असतं. एका कागदावर अपघाताआधीचे ते कसे होते: कमी बोलणारे की बडबडे, तापट की शांत, टापटीप की पसरट. जे आधीपासूनच होतं ते मला दुरुस्त करायचं नाहीये. आणि भेट सकाळची मागा, अकराच्या आतली.